तीन टप्पे, दोन क्लास: तिकीट शोधायला बसण्याआधी

आई-आप्पांना यंदा आधी लंडनला ताईकडे, मग फ्रँकफर्टला धाकट्याकडे आणि तिथूनच परत यायचं आहे. म्हणजे मुंबई–लंडन, लंडन–फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट–मुंबई. आप्पांचे गुडघे रात्रभर दुमडून राहत नाहीत आणि सगळीकडे बिझनेस क्लास काढायची आमची ऐपत नाही. त्यामुळे एका टप्प्याला बिझनेस, बाकीचे इकॉनॉमी, असं तिकीट मी गेले पंधरा दिवस सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून शोधतोय. त्यातून तयार झालेली ही यादी. ज्यांची मुलं दोन देशांत आहेत त्यांना उपयोगी पडेल.

सुरुवात कागदावर करा, कॉम्प्युटर नंतर. वहीच्या पानावर प्रत्येक टप्प्यापुढे तारीख, विमानातले तास, रात्र की दिवस, आणि कोणता क्लास हवा ते लिहा. यातला रात्र-दिवसाचा रकाना सगळ्यात कामाचा. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. लंडनचे नऊ-दहा तास म्हणजे सगळी झोपेची वेळ. येताना फ्रँकफर्टहून दुपारी निघालेलं विमान आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास पोचतं, म्हणजे प्रवास जागेपणीच होतो. पाठ टेकायची गरज जाताना आहे, तर पैसेही तिथेच घाला. मधल्या लंडन–फ्रँकफर्टचा तर विचारही करू नका. युरोपातल्या युरोपात बिझनेस म्हणजे बहुतेक कंपन्यांत खुर्ची इकॉनॉमीचीच असते, शेजारची जागा तेवढी रिकामी ठेवतात आणि जेवण जरा बरं देतात. दीड तासासाठी कशाला?

टप्प्यांचा क्रमही याच पानावर पक्का करा, कारण त्यात कराचा हिशोब दडलेला असतो. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला तिथला प्रवासी कर लागतो. तो अंतरावर आणि क्लासवर ठरतो. लंडनहून थेट भारतात यायचं तर लांबच्या पट्ट्याचा कर, आणि वरचा क्लास असेल तर इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त. लंडन आधी घेऊन तिथून इकॉनॉमीने फ्रँकफर्टला गेलं आणि तिथे आठवडा काढला, की जवळच्या पट्ट्याचा किरकोळ कर पडतो. ताईकडे आधी की धाकट्याकडे आधी, हा आमच्या घरातला वाद त्यामुळे एका मिनिटात मिटला.

आता शोध. 'रिटर्न' किंवा 'वन-वे' सोडून 'मल्टी-सिटी' (प्रत्येक टप्पा वेगळा भरायचा पर्याय) निवडायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते क्लासपाशी. गूगल फ्लाइट्सवर क्लासचा रकाना एकच असतो आणि तो तिन्ही टप्प्यांना लागतो. कयाक या तिकीट शोधायच्या साइटवर मल्टी-सिटीत प्रत्येक टप्प्यापुढे वेगळा क्लास निवडता येतो. काही विमान कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरही तशी सोय असते. गूगलच्याच मालकीचं आयटीए मॅट्रिक्स नावाचं एक जुनं साधन आहे. ते तिकीट विकत नाही, पण भाड्याची फोड इतकी बारीक दाखवतं की हिशोबी माणसाला तिथून उठवत नाही. माझी पद्धत अशी: आधी गूगलवर प्रत्येक टप्पा सुटा बघून कंपन्या आणि विमानांचे नंबर टिपायचे, मग तोच प्रवास सगळा इकॉनॉमीत आणि सगळा बिझनेसमध्ये किती होतो ते लिहायचं. हे दोन आकडे हाताशी असले की मिश्र तिकिटाचा भाव परवडणारा आहे की नुसता परवडल्यासारखा वाटतोय, ते कळतं. एकेका टप्प्याचं सुटं भाडं जोडून बघायचा मोह होईल. मोठ्या कंपन्यांचं आंतरराष्ट्रीय वन-वे भाडं बऱ्याचदा रिटर्नच्या निम्म्याहून बरंच जास्त असतं. म्हणून एकत्र तिकिटाचा भाव काढल्याशिवाय सुट्याकडे वळू नका.

आणि आता ज्यासाठी ही यादी लिहायला घेतली ते. मागच्या खेपेला आप्पा एकटे लंडनला गेले, दिल्लीमार्गे. तिकीट एका साइटवर काढलं. वर ठळक अक्षरात 'बिझनेस', भाव अपेक्षेपेक्षा कमी, मी खूश. मुंबई–दिल्ली दोन तास आप्पा ऐसपैस बसून गेले. दिल्ली–लंडनला मात्र त्यांची खुर्ची मागे, दोघांच्या मध्ये. तिकिटाचा तपशील नंतर उघडला तर खाली बारीक अक्षरात 'मिक्स्ड केबिन' होतं आणि लांबच्या टप्प्यापुढे 'इकॉनॉमी' स्वच्छ लिहिलं होतं. भांडायला जागाच नव्हती. विमान कंपनीने स्वतःहून खालच्या क्लासात बसवलं तर डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाने, 15 फेब्रुवारी 2023 पासून, आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार तिकिटाच्या 30, 50 किंवा 75 टक्के परत मिळतात आणि देशांतर्गत प्रवासात 75 टक्के. पण आपणच मिश्र तिकीट विकत घेतलं असेल तर तो नियम आपल्या कामाचा नाही. जन्म तासगावच्या बेदाण्यात गेलेल्या माणसाच्या मुलाने हे करावं! सौद्यात वरचा थर बघून आप्पांनी कधी बॉक्स उचलला नाही, खालपर्यंत हात घातल्याशिवाय भाव बोलले नाहीत. तर पैसे भरायच्या आधी 'तपशील' उघडा आणि प्रत्येक टप्प्यापुढचा क्लास बोट ठेवून मोठ्याने वाचा. आमच्याकडे आता आई वाचते आणि मी वहीशी ताडतो.

क्लास जुळला की खुर्ची बघा. बिझनेस लिहिलेली प्रत्येक खुर्ची आडवी होत नाही. लहान विमानात ती नुसती मागे रेलते. विमानाचा प्रकार तपशिलात दिलेला असतो, त्यावरून सीटचा नकाशा शोधा.

तिन्ही टप्पे शक्यतो एकाच पीएनआरवर असू द्यात. जोडविमान असेल तर हे फारच महत्त्वाचं. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी तुमची. मधल्या विमानतळावर सामान उचलून बाहेर या, पुन्हा चेक-इन करा, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागला तर तोही काढा. एका तिकिटाची उलटी बाजूही लक्षात ठेवा: एखादा टप्पा न सांगता सोडला तर पुढचे सगळे रद्द होतात. ताईने हट्टाने रेल्वेने फ्रँकफर्टला नेलं, तर परतीचं विमान गेलंच म्हणून समजा. रद्द करण्याचे नियमही वाचा. मिश्र तिकिटात बहुधा सगळ्यात कडक भाड्याचा नियम पूर्ण तिकिटाला लावतात.

सामानाचा हिशोब आईसाठी वेगळा लिहून ठेवलाय. बिझनेसमध्ये बऱ्याच कंपन्या 32 किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, इकॉनॉमीत अनेकदा 23 ची एकच. लंडनमध्ये मुक्काम असल्यामुळे पुढच्या टप्प्याला त्या टप्प्याचीच मर्यादा लागते. म्हणजे धाकट्याच्या वाटणीचं भडंग आणि हळद 23 किलोतच बसायला हवी, लंडनपर्यंत 64 किलो चालले म्हणून पुढे चालणार नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे दोन्हीकडे वर्ज्य. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत. आईला हे अजून पटलेलं नाही.

किरकोळ वाटणाऱ्या तीन गोष्टी. भाव बघताना कर धरूनच बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीला 5 टक्के जीएसटी आहे आणि प्रीमियम इकॉनॉमीपासून वरच्या सगळ्यांना 18. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा 'गिव्हन नेम'मध्येच असतं, ते गाळू नका. शहराच्या रकान्यात नुसतं 'मुंबई' टाकाल तर जपून. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुटू लागली आहेत, त्यामुळे कोणता विमानतळ ते तिकिटावर बघा. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड अशी रांगच आहे.

एवढं करूनही ऑनलाइन मिश्र भाव निघेना, तर वहीचं पान घेऊन गावातल्या तिकीट एजंटाकडे जा. त्यांच्या सिस्टीमवर टप्प्यागणिक क्लास टाकून भाव काढता येतो. विमानांचे नंबर तुमच्याजवळ असले की त्याचंही काम पाच मिनिटांचं. कमिशन आधी विचारून घ्या.

शेवटी गाडी. विमान 12 तारखेला रात्री दोनला म्हणजे 11 ला संध्याकाळी घर सोडून चालत नाही. सांगलीहून पेठ नाका धरून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, वाटेत कराड-साताऱ्याकडे रस्त्याचं काम, खंबाटकी, पुणे. आणि विमानतळावर तीन तास आधी. आमच्या ड्रायव्हरला मी तारीख सांगतच नाही. वार सांगतो, आणि दुपारी बाराला दारात ये म्हणतो.