मूसचं परमिट: अर्जापासून फ्रीजरपर्यंत, आणि त्या दोन पिशव्या

सगळ्यात आधी दोन झिपलॉक पिशव्या घ्या, त्यावर पर्मनंट मार्करने "ओव्हरी" (म्हणजे मादीचं अंडाशय) असं लिहा आणि शिकारीच्या बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाका. हो, माहितीये, अर्ज अजून भरलेला नाही, लॉटरी जूनमध्ये आहे आणि नाव लागेल की नाही देव जाणे, तरी आधी पिशव्या. का ते पुढे सांगते, आणि दहा वेळा सांगणार आहे.

हे सगळं मूसच्या, म्हणजे थंड रानातल्या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीचं चाललंय, तेही मेन राज्यातल्या, अमेरिकेचं ईशान्य टोक, जिथे आम्ही बारा वर्षं राहतोय. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, अगं शिकार म्हणजे जेल ना? आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून तसंच आहे, इथे मात्र सरकारच दरवर्षी ठरवतं की किती मूस मारायचे, आणि तेवढी परमिटं लॉटरीने काढतं. १९८० मध्ये पहिल्यांदा ७०० परमिटं दिली होती, आता आकडा ४,१०० च्या आसपास असतो. राज्यात मूस हजारोंनी आहेत, अलास्का सोडला तर अमेरिकेत सगळ्यात जास्त. अर्ज करणारे पण हजारोंनी, त्यामुळे पहिल्या वर्षी लागलं नाही म्हणून रडू नका. माझं नवव्या वर्षी लागलं.

अर्ज ऑनलाइन, एप्रिलमध्ये सुरू होतो आणि मेच्या मध्याला बंद. शेवटच्या रात्री बसू नका, बास, यावर जास्त बोलत नाही. नावाचं मात्र बघा. आपल्या लोकांचं नाव-वडिलांचं नाव-आडनाव हे प्रकरण इथल्या फॉर्ममध्ये कधी नीट बसत नाही, एका वर्षी मधलं नाव टाकलं, पुढच्या वर्षी नुसतं अक्षर, लग्नानंतर आडनाव बदललं, आणि मग सिस्टिममध्ये तुमच्याच नावाची दोन माणसं तयार होतात आणि पॉइंट दोघांत वाटले जातात. म्हणून लायसन्सवरचा आयडी नंबर काढा आणि दरवर्षी तोच टाका. पॉइंट म्हणजे काय तर दरवर्षी अर्ज करून नाव नाही लागलं की बोनस पॉइंट मिळतात, पहिली पाच वर्षं एकेक, सहाव्यापासून दहाव्यापर्यंत दोन-दोन, अकराव्यापासून पंधराव्यापर्यंत तीन-तीन आणि सोळाव्यापासून पुढे दरवर्षी थेट दहा. एक वर्ष अर्ज चुकला तर चालतं. सलग दोन वर्षं चुकला तर सगळे गेले, शून्य. माझ्या ओळखीतल्या एकाने मुलीच्या लग्नाच्या गडबडीत दोन वर्षं घालवली आणि अकरा वर्षांचे पॉइंट घालवले, अजून त्या विषयावर बोलत नाही तो. कॅलेंडरला रिमाइंडर लावा. परमिट लागलं की पॉइंट तसेही शून्य होतात आणि पुढची काही वर्षं अर्जच करता येत नाही, हेही धरून चाला.

पैसे: अर्जाचे १५ डॉलर. मेनमध्ये राहणाऱ्याला परमिट ५२ डॉलरला, बाहेरच्याला ५८५. बॉस्टनकडच्या मंडळींनी हा आकडा नवऱ्याला किंवा बायकोला आधीच सांगून ठेवावा. बाहेरच्यांना जास्त चिठ्ठ्या विकत घेता येतात, २५ डॉलरला तीन, ३५ ला सहा, ५५ ला दहा, पण मुळात बाहेरच्यांचा वाटाच थोडा असतो.

एच-वन व्हिसावाले, हे वाचा. या व्हिसावर बंदूक बाळगणं केंद्राच्या कायद्याने मना आहे, आपल्या कामाचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असेल तर. म्हणजे आधी लायसन्स आणि मग बंदुकीला हात, मित्राची असली तरी, "जरा धरून बघतो" असं सुद्धा नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाकून खात्री करा, ग्रीन कार्डची फाइल चालू असताना हुशारी नको.

सबपरमिटी म्हणजे तुमच्या परमिटवर गोळी झाडायचा हक्क असलेला दुसरा माणूस, त्याचं नाव अर्जातच लिहायचं असतं. इथे लोक प्रेमापोटी चुलतभावाचं नाव टाकतात. प्रेम बाजूला ठेवा. ज्याने आधी मोठं जनावर साफ केलंय, ज्याच्याकडे ट्रेलर आहे आणि जो ऑक्टोबरात आठवडाभर सुट्टी काढू शकतो अशा माणसाचं नाव टाका.

मग येतो अर्जातला खरा प्रश्न, कुठला विभाग, कुठला आठवडा आणि नर की मादी. सगळ्यांना नर हवा असतो, भिंतीवर शिंगं हवी असतात, म्हणून तिथे गर्दी. मादीच्या परमिटला तुलनेने कमी लोक रांगेत असतात. मी मादी चालेल म्हटलं होतं. तुम्हीही म्हणणार असाल तर त्याच क्षणी उठा आणि पिशव्या बॅगेत आहेत का बघून या.

आता मादीची परमिटं देतातच का, हे समजून घ्या, नाहीतर पिशव्यांचं महत्त्व कळणार नाही आणि तुम्ही माझ्यासारखंच कराल. इथे मूसच्या जिवावर उठलीये ती गोचीड. आपल्याकडे गाई-म्हशींना असते तसलीच, पण ही विंटर टिक, एका जनावरावर बसली की हिवाळाभर तिथेच. शरदात तिची पिल्लं गवता-झुडपांवर घोसच्या घोस लटकून बसतात, मूस शेजारून गेला की अख्खा घोस अंगावर. मग लहानाची मोठी होणं, रक्त पिणं सगळं त्याच अंगावर, आणि मार्च-एप्रिलमध्ये फुगून खाली पडते, अंडी घालते. एकेका वासरावर चाळीस-पन्नास हजार. अंग घासून घासून केस जातात, जनावर पांढरंफटक दिसतं, इथले लोक भूत-मूस म्हणतात. मोठी मादी कशीबशी तगते, वासरू रक्त कमी होऊन मरतं. २०२१-२२ च्या हिवाळ्यात इथल्या बायोलॉजिस्टनी कॉलर लावलेल्या ७० वासरांपैकी ६० मेली. पूर्वी बर्फ लवकर पडायचं आणि घोस झुडपावरच मरायचे, आता नोव्हेंबरपर्यंत उघडं असतं, त्यामुळे गोचिडीला जनावर शोधायला दोन-तीन आठवडे जास्त मिळतात.

त्यात मूस दाटीने असले की गोचिडीचं फावतं. (कळप कळप म्हणतात पण मूस कळपात राहत नाही, एकलकोंडं जनावर, दाटी म्हणजे एकाच रानात फार.) म्हणून २०२१ पासून वायव्येकडच्या चार नंबरच्या विभागाचे दोन भाग करून एका भागात मुद्दाम माद्यांची परमिटं वाढवली, कमी मूस म्हणजे कमी गोचीड आणि उरलेल्या माद्यांना धडधाकट वासरं, हा हिशोब खरा ठरतो का बघायला. वाचायला विचित्र वाटतं, जनावर वाचवायला जनावर मारायचं, मलाही वाटलं होतं. पण मिनेसोटाचं बघा, तिथे ईशान्य भागात २००६ ला साधारण ८,८०० मूस होते, ते इतके घसरले की २०१३ ला शिकारच बंद केली. तिथे हरणांकडून येणारा मेंदूतला जंतही आहे, गोगलगायीतून पोटात जातो, मूस गोल गोल फिरून मरतो. तेव्हा आकडे मोजल्याशिवाय कुणालाच काही कळत नाही, आणि आकडे कुठून येतात? तुमच्या पिशवीतून.

मादीच्या ओव्हरीवर, जिथून बीज सुटलं तिथे पिवळसर गाठ तयार होते. ओव्हरी कापून गाठी मोजल्या की कळतं यंदा तिने एक बीज सोडलं की दोन, का काहीच नाही. सप्टेंबरच्या शेवटी माज येतो आणि माद्यांची शिकार ऑक्टोबरच्या शेवटाकडे, म्हणजे गाठ तयार झालेली असते, मोजायला बरोबर वेळ. गोचिडीने पोखरलेल्या, खायला कमी पडलेल्या माद्या बीज कमी सोडतात. पुढची परमिटं किती द्यायची या हिशोबात हा आकडा जातो. हेलिकॉप्टरमधून डोकी मोजता येतात, पोटातलं दिसत नाही.

आणि मी काय केलं? नऊ वर्षं थांबून मादी मिळाली, संध्याकाळी साडेचारला, अंधार पडत आलेला, पावसाची भुरभुर, माझी सबपरमिटी ऑफिसमधलीच मैत्रीण, दोघींनी हेडलॅम्प लावून पोट फाडलं, कोथळा बाहेर काढला आणि सगळाच्या सगळा, गर्भपिशवीसकट, तिथेच झुडपात सोडून निघालो. दुसऱ्या दिवशी शिकार नोंदवायच्या स्टेशनवर तिथल्या मुलीने मूसचा एक दात काढून घेतला, वजन घेतलं आणि हात पुढे केला, ओव्हरी? मी म्हटलं, अं? परमिटबरोबर आलेल्या पाकिटात सूचना होती, चित्रासकट. मी ते पाकीट उघडून फक्त जनावराला लावायचा टॅग काढला होता. ती काही बोलली नाही, फॉर्मवर त्या रकान्यात रेघ मारली. ती रेघ मला अजून दिसते. तोपर्यंत कोल्ह्या-कावळ्यांनी तो कोथळा संपवलेला असणार.

तर पाकीट आलं की पूर्ण वाचा. गर्भपिशवीला दोन शिंगांसारखे फाटे असतात, प्रत्येक फाट्याच्या टोकाशी मोठ्या घेवड्याच्या बीएवढी एकेक ओव्हरी. दिसत नसेल, चरबीत सापडत नसेल, तर अख्खी गर्भपिशवी उचलून पिशवीत भरा, ते लोक शोधतील. उजेडात करा. आणि हे घरी आधी यूट्यूबवर बघून ठेवा, गाईचं बघितलं तरी अंदाज येतो, अंधारात फोनला रेंज नसताना बघता येणार नाही.

जूनमध्ये नाव लागलं की: लायसन्स, आणि आधी कधी लायसन्स नसेल तर हंटर सेफ्टी कोर्स लगेच, कारण ऑगस्टमध्ये वर्ग भरलेले असतात. विभाग आवडला नाही तर दुसऱ्या परमिटवाल्याशी अदलाबदल करता येते. बंदूक झीरो करणं, म्हणजे नेम जुळवून घेणं, सराव, हे सांगायची गरज नाही. एकदा तरी आधी जाऊन रान बघून या, पोर्टलंडहून पाच-सहा तास लागतात, शेवटचे दोन कच्च्या रस्त्याने. ते रस्ते लाकूड कंपन्यांचे, नाक्यावर नोंद आणि पैसे, लाकडाचा ट्रक दिसला की मुकाट्याने बाजूला व्हायचं, तो थांबत नाही. स्पेअर टायर एक नाही, दोन. रेंज नाही म्हणून सॅटेलाइट मेसेजवालं यंत्र, भाड्याने मिळतं.

सामान. केशरी टोपी आणि केशरी जॅकेट. दोन सुऱ्या, धार लावायचा दगड, हाताने फिरवायची विंच, जाड दोर, ताडपत्री, मांसाच्या कापडी पिशव्या. बर्फ, तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट, सप्टेंबरचा आठवडा असेल तर तिप्पट, कारण मूस म्हणजे सांबराच्या दुप्पट, आतून दुसऱ्या दिवसापर्यंत गरम राहतो आणि मांडीच्या हाडाजवळ आधी सडतं. टॉर्चला जास्तीचे सेल. दोन झिपलॉक, मार्करने लिहिलेल्या. वरच्या कप्प्यात, तळाला टाकल्या तर रक्ताळलेल्या हातांनी शोधणार नाही तुम्ही, मला माहितीये.

पडल्यावर: टॅग आधी, मग फोटो. पोट साफ, ओव्हरी पिशवीत, पिशवी बर्फात. मग बाकीचं. स्टेशनवर दात काढू द्या, त्याच्यावरून वय कळतं, गोचिडी मोजत असतील तर मोजू द्या, घाई करू नका.

कलेजी खायची नाही. गुर्दा पण नाही. कॅडमियम असतं, इथलं आरोग्य खातंच सांगतं खाऊ नका म्हणून. आमच्याकडे तीन जणांनी फोन करून कलेजीच मागितली होती, नाही म्हणायची तयारी ठेवा. मटण मसाल्यात रस्सा बरा होतो, शिजायला वेळ लागतो, कुकरला सात-आठ शिट्ट्या. फ्रीजरमध्ये जागा आत्ताच मोजा, दीड-दोनशे किलो मांस घरच्या फ्रीजच्या वरच्या खणात मावत नाही.

यंदा मैत्रिणीचा अर्ज आहे, मी सबपरमिटी. तिनेही मादी चालेल म्हटलंय. पिशव्या माझ्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत, दोन तिच्याही गाडीत टाकल्यात.