गेलेल्या माणसाचं वर्कशॉप कसं आवरावं

तेरावा होईपर्यंत त्या खोलीला कुलूप घाला आणि किल्ली वहिनींकडे, म्हणजे गेलेल्याच्या पत्नीकडे, ठेवा. भेटायला आलेल्यांत ‘ही ड्रिल मशीन दोन दिवस नेऊ का’ विचारणारा एखादा असतोच, आणि त्या दिवसांत नाही म्हणायची ताकद घरात कुणात नसते. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. बरोबरीचे छंदी मित्र आता सत्तरीपुढचे, त्यामुळे ‘यांच्या हत्यारांचं काय करायचं’ असे फोन मला येतात. बहुतेक वेळा भंगारवाला दारात उभा असतानाच.

कुलूप घालायच्या आधी एक फेरी मात्र मारा. मेन स्विच बंद करा. थिनर, टर्पेंटाइन, रॉकेलचे डबे झाकणं घट्ट लावून घराबाहेर सावलीत ठेवा. लाकूडकाम करणारा माणूस असेल तर जवसाच्या तेलाच्या चिंध्या शोधा. ते तेल वाळताना तापतं, आणि बोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या पाण्यात बुडवून, अंगणात सुट्या पसरून वाळू द्या.

नंतर खोली उघडाल तेव्हा झाडू हातात घेऊ नका, मोबाइल घ्या. भिंतीवरचे खिळे, प्रत्येक खण, फळीवरच्या बोर्नव्हिटाच्या बरण्या, सगळ्याचे फोटो जागच्या जागी. ज्या वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात त्या बहुधा एकमेकींच्या असतात, आणि आवरण्याचं अर्धं काम ही नाती न तोडण्याचंच आहे.

लेथचंच घ्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातायचं यंत्र. मोठ्या धुडाला गिऱ्हाईक मिळतंच, कारण ते सगळ्यांना दिसतं. हरवतात ते सुटे भाग. चक म्हणजे तुकडा पकडून फिरवणारा भाग. त्याचे जॉ, म्हणजे पकडणारे जबडे पाहा, त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते त्याच चकचे, त्याच खाचांत, त्याच क्रमाने बसतात. दुसऱ्याच्या चकला लावले तर काम वाकडं फिरणार. बहुतेक चकना जॉचे दोन संच असतात, दुसरा फडक्यात गुंडाळून कुठेतरी मागे पडलेला सापडेल. मग चकची किल्ली. आणि आटे पाडायच्या गिअरचा डबा, ज्याला घरातले हमखास ‘जुनी चाकं’ म्हणतात. प्रत्येक गिअरवर दात्यांची संख्या असते. त्यात १२७ दिसला तर जपून ठेवा. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. लीड स्क्रू म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू. तो इंची असलेल्या लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायला हा गिअर लागतो. डबा भंगारात गेला की जाणकार गिऱ्हाईक लेथचाच भाव पाडतं, आणि त्याचं चुकत नाही.

सुतारी हत्यारांचंही असंच. रंध्याचं पातं आणि पाचर त्याच रंध्यात राहू द्या. पटाश्यांचा संच फोडू नका. पातं घासून चकचकीत करू नका, मुठीला पॉलिश मारू नका. जुन्या हत्याराचा शौकीन माणूस घासलेली वस्तू पाहून हात मागे घेतो. जुन्या इंग्लिश पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसला तर बीड समजून फेकू नका, ते मुशीत वितळवलेलं उत्तम पोलाद असतं.

भंगार कोणतं, हे कसं ओळखायचं? माझा साधा नियम: एखाद्या लोखंडी तुकड्याची एक तरी बाजू मशीनवर सपाट घेतलेली असेल, किंवा त्यावर आकडा ठोकलेला असेल, तर तो भंगार नाही. कुठल्यातरी कामासाठी त्या माणसाने रविवारभर बसून बनवलेलं ते जिग, म्हणजे काम ठरल्या जागी धरून ठेवायचं साधन, असेल. उलट, तडा गेलेलं ग्राइंडिंग व्हील खुशाल फेका, कुणाला फुकटही देऊ नका. चाक बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर फोडूनच टाका, म्हणजे कुणी पुन्हा बसवणार नाही.

मायक्रोमीटर, व्हर्नियर ही बारीक मापं घ्यायची हत्यारं आधी बाजूला काढा. कोरड्या फडक्याने पुसा, पातळ मशीन ऑइलचा हात फिरवा आणि मायक्रोमीटरचे दोन तोंडभाग एकमेकांना न टेकवता थोडी फट ठेवून पेटीत ठेवा. बाकी हत्यारांना रॉकेल आणि तेल. हे पावसाळ्याच्या आत करा. कोकणात घर असेल तर मृगाची वाट बघत बसू नका.

आता वाटप. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, सगळ्यांचा हक्क सारखा. हत्यारांवरून कोर्टात कुणी जात नाही, पण अबोला धरतात. म्हणून यादी करून फोटोंसकट घरच्या ग्रुपवर टाका, प्रत्येकाला एकेक वस्तू निवडू द्या आणि यादीवर सगळ्यांचा होकार आल्याशिवाय काही विकू नका. परदेशी राहणाऱ्या लेकीने पटाशी निवडली तर ती चेक-इनच्या बॅगेत घालायला सांगा, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. घरी एखादी पक्कड, एखादा गुण्या राहू दे, खंडेनवमीला पूजेत मांडायला.

उरलेलं आधी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या पोराला विचारा. भाव कमी देईल, पण काय घेतोय ते त्याला कळतं. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला फेरी मारून नव्या मालाचे भाव काढा, म्हणजे बोलणी करताना आधार राहतो. थेट पुण्याच्या जुन्या बाजारात नेऊ नका. तिथे विकणाऱ्याच्या घाईचे पैसे कापतात. दान द्यायचं मनात असेल तर पाबळच्या विज्ञान आश्रमात विचारून पाहा. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेली ही संस्था मुलांना हाताने काम करतच शिकवते. आधी यादी पाठवा, हवं तेवढंच पोचवा. सरकारी आयटीआयला द्यायचं तर पत्रव्यवहार आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या वस्तूंची नोंदवही, आलं. वेळ असेल तरच त्या वाटेला जा.

लेथ हलवताना टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) आणि सॅडल (हत्यार घेऊन सरकणारा भाग) हेडस्टॉकपासून, म्हणजे चक असलेल्या टोकापासून दूर, पार दुसऱ्या टोकाला सरकवा, कारण सगळं वजन हेडच्या बाजूला असतं आणि वर असतं, त्यामुळे लेथ कलंडते. लीड स्क्रूला दोर बांधू देऊ नका, हमाल तिथेच बांधायला बघतात. खाली पाइप घालून सरकवा. मोटरचं कनेक्शन आदल्या दिवशीच इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या, नाहीतर हमाल खोळंबतात आणि जास्त पैसे मागतात. विकत घेणाऱ्याकडून पूर्ण रक्कम टेम्पो सुरू व्हायच्या आधी मोजून घ्या, आणि गिअरचा डबा अगदी शेवटी, पैसे हातात पडल्यावर द्या.