पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवू नका

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की रान मोकळं करायची घाई होते, आणि जानेवारीत दिवस मावळला की धुऱ्या-धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधांवर, पऱ्हाटीचा (कापूस वेचून उरलेल्या झाडांचा) जाळ दिसतो. यंदा काडी ओढण्याआधी जवळपास पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) किंवा पांढरा कोळसा (त्याच्याच मोठ्या कांड्या) करणारा कारखाना आहे का, ते विचारून घ्या. कोळशावरच्या वीज केंद्रांनी २०२४-२५ पासून कोळशात ५ टक्के बायोमास, म्हणजे काडीकचऱ्याचे, पेलेट मिसळावेत, असं केंद्राचं धोरण आहे. पऱ्हाटीतला कार्बन झाडानं याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, कोळशातला मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला. शिवाय आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, पऱ्हाटीत त्या मानानं फारच थोडी. अर्थात, यानं कोळसा बंद होत नाही, थोडा कमी जळतो एवढंच.

कोरडवाहू कपाशीत एकरी साधारण टनभर वाळलेली पऱ्हाटी निघते. फरदडीच्या (वेचणीनंतरही कपाशी राखून आणखी कापूस काढायच्या) नादी न लागता ती वेळेत उपटा. झाडाला राहिलेलं एखादं किडकं बोंड फोडून पाहा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर आत गुलाबी अळी झोपलेली असते. पऱ्हाटीची गंजी पावसाळ्यापर्यंत धुऱ्यावर राहिली की त्या अळीचे पतंग नव्या कपाशीवर येतात. म्हणून पऱ्हाटी वाळताच श्रेडरनं, म्हणजे काड्या बारीक करणाऱ्या यंत्रानं, कुट्टी करून टाका.

वाळली की नाही हे हातानंच कळतं: बुंध्याकडची काडी कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओल आहे. ओली कुट्टी ढिगात तापते, बुरशी धरते, आणि कारखानदार वजन कापतो. उपटतानाच मुळाची माती झटकून टाका. माती-खड्यांनी पेलेटच्या यंत्राची डाय (माल दाबून काढायचा भोकांचा साचा) झिजते आणि राखही वाढते.

सौदा वजनावरच करा. कुट्टी ट्रॉलीच्या हिशेबानं दिलीत तर नुकसान तुमचं, कारण अख्ख्या पऱ्हाटीपेक्षा तेवढ्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त माल बसतो. श्रेडरचं डिझेल कोणाच्या खिशातून, हेही आधीच ठरवा. कारखाना लांब असेल तर भाड्यातच पैसा जिरतो. मग तुकडे करून शेतात मिसळलेले बरे, किंवा गावातल्या चार-पाच जणांनी मिळून माल द्यावा.

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मात्र या सौद्यात घालू नका. ते जनावरांना लागतं. आणि अशा काडाच्या राखेत पोटॅश जास्त असल्यानं ती बॉयलरच्या नळ्यांवर वितळून चिकटते.