परसातल्या कोंबड्या मांसासाठी: पिल्ले आणण्याआधीची तयारी

ही यादी उलटी आहे. कापण्याच्या दिवसापासून सुरू होते आणि पिल्लांच्या खोक्यापाशी येऊन थांबते, कारण किती पिल्ले, कोणती जात, कोणते औषध, किती खाद्य हे सगळे शेवटच्या दिवसावरूनच ठरते. घरात कोंबडी कोण कापणार, हे आधी पक्के करा. बऱ्याच घरांत हा प्रश्न पुढे ढकलला जातो. मग सहा महिन्यांचे कोंबडे अंगणात भांडत राहतात, मांस चिवट होत जाते आणि खाद्याचा खर्च चालूच राहतो. त्याच वेळी परसात कोंबड्या पाळायला आणि कापायला स्थानिक नियमांची आडकाठी नाही ना, पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यावरून शेजारी वैतागणार नाहीत ना, हेही पाहून घ्या.

कापण्यासाठी काय लागेल ते असे: धारदार लहान सुरी, कोंबडी उलटी धरून ठेवणारा पत्र्याचा शंकू, पक्षी पूर्ण बुडेल एवढे पातेले, तापमापक, भरपूर बर्फ आणि पिसे-आतडी पुरायला खोल खड्डा. आदल्या रात्री 8 ते 12 तास खाद्य बंद करा, पाणी मात्र चालू ठेवा. पोट भरलेले असले की आतडे फाटते आणि घाण मांसाला लागते. रक्त निथळायला 2-3 मिनिटे द्या. पाणी 60 ते 63 अंश सेल्सिअस हवे आणि पक्षी त्यात पाऊण ते एक मिनिट बुडवायचा. शेपटीचे पीस सहज सुटले की बाहेर काढा. उकळत्या पाण्यात घातला की कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. आतडी काढताना यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुटलीच तर ती जागा लगेच धुऊन तेवढा भाग कापून टाका. साफ केलेला पक्षी बर्फाच्या पाण्यात घालून आतपर्यंत 4 अंशांखाली आणा आणि मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कापल्यावर स्नायू ताठतात. त्या अवस्थेत शिजवले किंवा गोठवले तर मांस चिवट लागते आणि दोष जातीवर जातो.

आता फ्रिज उघडून बघा. 1.6 किलो जिवंत वजनाच्या कोंबडीचे साफ मांस साधारण 1.1 किलो भरते. 20 कोंबड्यांचे 22 किलो घरच्या फ्रिजमध्ये मावणार नाही. म्हणून चार-पाच पक्षी एका वेळी कापायचे ठरवा, त्यातही आधी कोंबडे. ते वजनाला पुढे असतात आणि माजावर आले की एकमेकांची डोकी फोडतात. तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, दोन-तीन आठवडे थांबल्या तरी चालते.

जात निवडताना मोह ब्रॉयलरचा होतो, कारण ती सहा-सात आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाते. पण मोकळे फिरवायला ती कामाची नाही. भांड्यापाशी बसून राहते, पायांवर भार येतो, उन्हात धापा टाकते आणि एखादी हृदय बंद पडून उलथते. संथ वाढीची, काटक, रंगीत जात घ्या. ती 12 ते 16 आठवड्यांत दीड-पावणेदोन किलोंची होते, चरते आणि घार दिसली की पळते. 20 हवी असतील तर 22-23 पिल्ले सांगा, थोडी मरतूक धरावीच लागते. पिल्ले एकाच ठिकाणची, एकाच दिवशी आणा. मोठ्या कोंबड्यांत लहान पिल्ले मिसळली की रोगही मिसळतो.

खाद्याचा हिशेब सरळ आहे: अशी एक कोंबडी कापेपर्यंत 5 ते 6 किलो खाते, म्हणजे 20 साठी 100 ते 120 किलो. मोकळ्या चरण्याने सगळे भागेल, हा गैरसमज आहे. गवत, किडे, गांडुळे यांनी चव येते आणि थोडे खाद्य वाचते, वजन मात्र भांड्यातल्या खाद्यानेच वाढते. पहिले चार आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनांचे पिल्लांचे खाद्य द्या, पुढे 16 ते 18 टक्क्यांचे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य स्वस्त मिळाले म्हणून वाढत्या पिल्लांना घालू नका. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात. पोती जमिनीवर न टेकवता फळीवर, झाकणाच्या पिंपात ठेवा. बुरशीचा वास आला तर ते खाद्य फेकून द्या, वाळवून वापरू नका. बुरशीचे विष उन्हाने जात नाही. दाणे आणि गवत खायला लागल्यावर जाड वाळू किंवा बारीक खडी वेगळ्या भांड्यात हवी, कारण कोंबडीला दात नसतात, दळण गिझार्डमध्येच, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत होते. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा. खाली ठेवलेल्या भांड्यातले खाद्य ती चोचीने आणि पायांनी उडवते.

लसींसाठी पिल्ले येण्यापूर्वीच पशुवैद्याला गाठा. मरेकची (पक्ष्यांना लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिलेली आहे का, हे पिल्ले सांगतानाच विचारा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस बहुधा 5 ते 7 दिवसांच्या वयात डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या रोगाची) दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मग मानमोडीचा पुन्हा डोस आणि डास फार असतील तिथे देवीची. नेमके वेळापत्रक तुमच्या भागात काय चालू आहे यावर पशुवैद्यच ठरवतील. अडचण बाटलीची असते. तिच्यात शेकडो डोस असतात, पिल्ले वीस-बावीस, आणि एकदा कालवलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते. आजूबाजूला आणखी कोणी कोंबड्या पाळत असेल तर एकाच दिवशी लस देण्याचे ठरवा. दुकानातून घरापर्यंत ती बर्फातच आणा. कोणतेही औषध दिले तर ते बंद केल्यावर किती दिवसांनी मांस खाता येते, हे वहीत लिहा. खाद्यात आधीच औषध मिसळलेले असेल तर त्यालाही हे लागू आहे. एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते उघडू नका, खाऊ नका, कोणाला देऊ नका. आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

फिरण्याच्या जागेत एका कोंबडीला निदान 20 चौरस फूट द्या आणि जागेचे कुंपणाने दोन भाग करा. गवत दोन इंचांच्या खाली गेले की दुसरा भाग उघडा. एकच जागा वापरली की ती उघडी पडते, चिखल होतो आणि रक्ती हगवणीचे जंतू साठत जातात. आत झुडपे किंवा आडोसा हवाच. उघड्या मैदानात कोंबड्या दारापासून दहा पावलेही जात नाहीत, कारण वर घार असते. एरंड, कण्हेर, धोत्रा उपटून टाका.

खुराड्यात मात्र काटकसर करू नका. प्रत्येकी 2 चौरस फूट, म्हणजे 20 साठी 5 बाय 8 फूट. वाऱ्याची भोके छताजवळ, समोरासमोर. बसण्याच्या दांड्यांच्या पातळीवर वारा लागता कामा नये. पहाटे दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर हवा अपुरी आहे. दांडा दोन इंच रुंद, कडा घासलेला आणि जमिनीपासून दीड फुटाच्या आत. उंचावरून उड्या मारून जड पक्षी पाय मोडून घेतात. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. षटकोनी जाळीने कोंबडी अडते, मुंगूस आणि घूस अडत नाहीत. वेल्डची जाळी तळाशी एक फूट पुरा किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर पसरून मातीने झाका. खाली चार इंच तूस घाला. मूठभर तूस दाबून पाहा: गोळा झाला तर ओले आहे, सुटले तर ठीक. ओल्या तुसातूनच तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण उभी राहते.

पिल्लांचे पहिले चार-पाच आठवडे ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब दिलेल्या बंदिस्त जागेत जातील. 25 पिल्लांना चार फूट व्यासाचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल रिंगण पुरते. गोलच हवे, कारण थंडीत पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. दिवे दोन, 60 वॅटचे, आत तार तापणारे जुन्या पद्धतीचे. एलईडीला ऊब नसते. एक उडाला तर दुसरा चालतो. ते साखळीने टांगा, वायर ओढून बांधू नका: पडला की तूस पेटते. पिल्लाच्या पाठीच्या उंचीला 33 ते 35 अंश ठेवा आणि दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करा. तापमापकापेक्षा पिल्ले खरे सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर उकाडा, सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा घुसतो आहे. पहिले दोन दिवस तुसावर गोणपाट अंथरा. वर्तमानपत्र गुळगुळीत असते, त्यावर पाय फाकतात आणि तसेच राहतात.

खोके येण्याच्या आदल्या दिवशी दिवे लावून जमीन तापवा. पाणी दोन-तीन तास आधी आत ठेवा, म्हणजे ते गार राहत नाही. भांडे उथळ, त्यात गोट्या टाकलेल्या, नाहीतर पिल्ले बुडतात. खोक्यातून एकेक पिल्लू काढून चोच पाण्यात बुडवा आणि मगच खाली सोडा. गुदद्वाराला विष्ठा चिकटलेली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून सोडवा, ओढू नका. रात्री झोपण्याआधी पाच-सहा पिल्लांची गळ्याखालची अन्नपिशवी चिमटीत धरून बघा. मऊ आणि भरलेली लागली तर दाणा-पाणी दोन्ही मिळाले. टणक लागली तर पाणी सापडलेले नाही, फुग्यासारखी लिबलिबीत लागली तर फक्त पाणीच प्यायले आहे. रिकामी लागेल त्या पिल्लाला हातात घेऊन पुन्हा पाणी दाखवा आणि भांडे दिव्याच्या जवळ सरकवा.