युनिकोडमध्ये वैदिक स्वरचिन्हे टाइप करताना

वैदिक मजकुराच्या अक्षरजुळणीत सर्वांत जास्त चुका होतात त्या स्वरचिन्हांच्या, म्हणजे उच्चारातला आवाजाचा चढउतार दाखवणाऱ्या रेघांच्या, आणि बहुतेक वेळा चुकतो तो टाइप करण्याचा क्रम.

नेहमी लागणारी चिन्हे तीन. अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्त (खालचा स्वर), युनिकोडमधला कोड ०९५२. डोक्यावरच्या उभ्या रेघेचा कोड ०९५१. युनिकोडच्या तक्त्यात तिला उदात्त (उंच स्वर) म्हटले आहे, पण ऋग्वेदाच्या छपाईत ती स्वरिताची (उंचावरून उतरणाऱ्या स्वराची) खूण असते. तेव्हा नावावर न जाता आकार पाहून निवडा. दोन उभ्या रेघांच्या दीर्घ स्वरितासाठी १सीडीए (1CDA) हा स्वतंत्र कोड आहे. तिथे ०९५१ दोनदा मारू नका, रेघा एकमेकींवर चढतात.

क्रम असा: अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि सगळ्यांत शेवटी स्वर. 'दे॒व' लिहिताना आधी द, मग एकाराची मात्रा, मग अनुदात्त, मग व. अनुदात्त मात्रेच्या आधी पडला, तर मात्रा सुटी होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. अशा वेळी फाँट बदलत बसू नका. तेवढे अक्षर खोडून पुन्हा टाइप करा. रिकामा चौकोन आला तर मात्र फाँटमध्ये ते चिन्हच नाही. शोभिका किंवा सिद्धांत हे फाँट वापरून पाहा.

वर्डमध्ये मात्रेनंतर लगेच कोड लिहून ऑल्ट आणि एक्स दाबा. कीबोर्ड इंग्रजीवर हवा, कारण देवनागरी आकड्यांचा कोड ओळखला जात नाही. लिब्रेऑफिसमध्येही हीच युक्ती चालते. पानांची मांडणी करण्याच्या इनडिझाइनमध्ये ग्लिफ्स पॅनेलमधून चिन्ह घ्या, पण त्याआधी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. नाहीतर जोडाक्षरेच फुटतात.

झीलाटेक या आज्ञा लिहून अक्षरजुळणी करण्याच्या प्रणालीत चिन्ह थेट टाइप करता येते किंवा चार कॅरेट (^^^^) देऊन त्यापुढे कोड लिहिता येतो. कोडमधली इंग्रजी अक्षरे लहान लिपीतच (1cda अशी) हवीत. फाँट जोडताना स्क्रिप्ट देवनागरी असल्याचे सांगा. लुआलाटेक या तशाच दुसऱ्या प्रणालीत त्याशिवाय रेंडरर (अक्षरांना आकार देणारा भाग) म्हणून हार्फबझ निवडा. फाँटमध्ये चिन्ह नसले तरी काम न थांबता पीडीएफ तयार होते, म्हणून लॉग फाइल न चुकता वाचा.

ओळींमधले अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा. वरच्या ओळीतला उकार आणि त्याखालचा अनुदात्त खालच्या ओळीतल्या स्वरिताला टेकतात. १६ पॉइंट अक्षराला २८ पॉइंटपासून सुरुवात करा आणि छापील प्रूफवरच नक्की करा. पडद्यावर हे टेकणे सहज सुटते.