प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो: आतड्यातल्या फुगलेल्या शिरा आणि नेहमीच्या चुका

संडासात लालभडक रक्त दिसलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: मूळव्याध. तिखट बंद, ताक सुरू, मेडिकलमधून एक मलम. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण लिव्हरचा जुना आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज जिवावर बेतू शकतो. आमच्या ओळखीतले एक काका महिनाभर मलम लावत राहिले. पोट फुगलेलं, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा, पण त्यावर ‘गॅस’ आणि ‘वय’ अशी दोन उत्तरं तयार होती. शेवटी निघालं काय, तर लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार. आणि रक्त येत होतं गुदाशयातल्या फुगलेल्या शिरांमधून, म्हणजे व्हेरिसेसमधून.

आतड्यांतलं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर कडक झालं की ही वाट तुंबते, दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने निघतं. त्या आडवाटांवरच्या शिरा फुगतात: बहुधा अन्ननलिकेत आणि जठरात, कधी गुदाशयात, क्वचित मोठ्या आतड्यात आणखी वर. मुळाशी दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर असतं. सिरॉसिस नसतानाही पोर्टल शिरेत गुठळी झाली तर हेच घडतं. मूळव्याधीचे मोड ही वेगळी गोष्ट. गुदद्वारापाशी मुळातच असलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजतात, खाली सरकतात.

म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘विना ऑपरेशन’चा बोर्ड वाचून मोड पाडायला जाणं. मोड समजून अशा शिरेला सुई टोचली, तर रक्त आवरणं कठीण. त्यात सिरॉसिसमध्ये प्लेटलेट्सही बहुधा कमीच. कावीळ, दारू, वाढलेली पाणथरी, यांतलं काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. दारूचं तर नक्की सांगा, बायको समोर बसलेली असली तरी.

‘कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण घालून तपासणी) नॉर्मल आली, विषय संपला’ असंही धरू नका. तपासणीत आतडं हवेने फुगवतात, त्या दाबाने शिरा चपट्या होऊन नजरेतून सुटतात. रक्त जात राहिलं तर कॉन्ट्रास्ट औषध देऊन सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करतात. शिवाय सिरॉसिसच्या रुग्णात खालून येणारं ताजं रक्त अन्ननलिकेतलंही असू शकतं. म्हणून डॉक्टर वरून दुर्बीण घालायला सांगतात तेव्हा ‘त्रास खाली, तपासणी वर कशाला’ असा वाद घालू नये.

गोळ्यांच्या बाबतीत दोन गोंधळ नेहमीचे. कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेणं हा एक; या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दुसरा, ‘मला कुठे बीपी आहे?’ म्हणत प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल बंद करणं. ही गोळी पोर्टल शिरेतला दाब उतरवण्यासाठी असते. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. कुंथावं लागू नये म्हणून लॅक्टुलोज दिलं असेल तर तेही चालू ठेवा.

दवाखान्यात नातेवाईक हटून बसतात, ‘आणखी दोन पिशव्या चढवा’. पण गरजेपेक्षा जास्त रक्त चढवलं की पोर्टल दाबही वाढतो आणि थांबलेला स्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. हिमोग्लोबिन साधारण ७ ते ८ च्या आसपास ठेवतात, त्यात कंजुषी नाही. सोबत दाब उतरवणारी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक देतात. फुगलेल्या शिरेत दुर्बिणीतून ग्लू सोडतात. तेवढ्याने भागलं नाही तर मानेच्या शिरेतून जाऊन लिव्हरमध्ये स्टेंट बसवतात, त्याला टिप्स म्हणतात.

रक्ताच्या गुठळ्या पडल्या, दरदरून घाम आला, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा. आणि रक्त गेल्यावर माणूस झोपाळला, असंबद्ध बोलू लागला तर ‘थकलाय, झोपू दे’ म्हणू नका. आतड्यात साचलेल्या रक्तातून अमोनिया तयार होऊन मेंदूवर चढतो, तेव्हा असंच दिसतं.