वाडीतली दहा-बारा घरं मिळून ग्रीन सर्टिफिकेटवाली बांधायचीत? मग चिरा मागवायच्या आधी एवढं तयार ठेवा

कोकणात घर बांधायचं ठरलं की लोक आधी चिऱ्याचा म्हणजे जांभ्या दगडाचा भाव विचारतात, मग गवंडी शोधतात, आणि कागदपत्र, पाणी, वारा, वीज ह्याचा विचार छप्पर चढल्यावर होतो. खिशाला परवडणारं, लाइटबिल कमी येणारं आणि वर ग्रीन सर्टिफिकेट (घर वीज, पाणी कमी खातं असा तपासून दिलेला दाखला) असलेलं घर हवं असेल तर हा क्रम उलटा करायला लागतो. आणि माझं ठाम मत आहे की हे काम एकट्यादुकट्याने करू नये, वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून करावं, कारण सर्टिफिकेटची फी, आर्किटेक्टच्या खेपा, इंजिनिअरची तपासणी हे सगळं वाटून घेता येतं आणि चिरा-सिमेंट-सळई एकगठ्ठा घेतली की भाव करायला तोंड राहतं.

सगळ्यात आधी माणसं आणि सातबारा. गणपतीत वाडी भरलेली असते, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आलेले असतात, तेव्हाच बैठक लावा, नंतर फोनवर कोणी होय म्हणतं आणि सही द्यायला कोणी येत नाही. आपल्याकडे सातबारा म्हणजे सामाईक, पणजोबाच्या नावापासून उतरलेली वीस-पंचवीस नावं, त्यातली काही वारलेली, काही बहिणी सासरी, काहींचा पत्ताच नाही. वारस नोंदी झाल्यात का, फेरफार मंजूर आहे का, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर कोणाच्या नावावर आहे, हे एकेका घराचं वहीत लिहून काढा. सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्या, तोंडी नको, कारण घरकुलाचा हप्ता असो की बँकेचं कर्ज, अडतं ते ह्याच एका कागदावर. जागा गावठाणात आहे का, गावठाणाला लागून आहे का, एनए म्हणजे बिनशेती परवानगी लागणार का, हे तलाठ्याकडून आणि ग्रामपंचायतीतून आधीच विचारून घ्या. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचा) नकाशा बघितल्याशिवाय जोत्याची दोरी पण मारू नका. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या ३-अ गावात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि ३-ब मध्ये २०० मीटर असा ना विकास पट्टा आहे, तिथे नवीन बांधकामाला परवानगी मिळवणं सोपं नसतं. आपलं गाव कशात येतं ते नकाशावर बोट ठेवून बघायचं, शेजारच्याने बांधलंय म्हणजे चालतं असं धरून चालू नका.

मग कोण काय करणार ते ठरवा, आणि लिहून ठेवा. ग्रामपंचायत परवानगी आणि घरकुल यादीचं बघेल, महिला बचत गट हिशोबाची वही ठेवेल (बचत गटाच्या बायका पै-पैचा हिशोब ठेवतात, दर महिन्याला बैठकीत वाचून दाखवायची त्यांना सवय असते, म्हणून हे काम त्यांच्याकडेच द्यावं असं मला मनापासून वाटतं), जवळच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल डिपार्टमेंटला भेटून विद्यार्थ्यांकडून मोजमाप आणि नकाशाची मदत मिळते का बघा, आणि गवंडी-सुतार शक्यतो तालुक्यातलेच घ्या. खातं संयुक्त सह्यांचं, तीन जणांपैकी दोघांच्या सह्या, त्यातली एक बाईची. अंगमेहनतीचा वाटा पण आधीच ठरवा. पाया खणणं, चिरे उतरवणं, क्युरिंगचं पाणी मारणं ही कामं घरची माणसं करू शकतात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ पासून हेच करत आलीय, ज्याचं घर त्याने बांधकामाला हात लावायचाच. पण म्हाताऱ्या माणसांच्या घराचं काय, ज्यांचे मुलगे बोटीवर आहेत त्यांचं काय, हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या नाहीतर जोत्यापर्यंत येईस्तोवर भांडणं होतात.

पैशाचं बोलायचं तर प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागाला १ लाख २० हजार मिळतात, घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं लागतं, रोहयोची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे जोडता येतात. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे, अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहेत. तरी एवढ्यात चिऱ्याचं घर पुरं होत नाही हे सगळ्यांना माहितीय, म्हणून वरची रक्कम कुठून येणार ते घरटी लिहा, आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतात म्हणून जोतं, लिंटेल (दार-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा), छप्पर अशा टप्प्यांना किती रोख हाताशी लागेल ते वेगळं मांडा. हप्ता लांबला तर चालू काम थांबू नये म्हणून थोडी फिरती रक्कम सामाईक खात्यात हवीच.

आता सर्टिफिकेट. लोकांना वाटतं घर झालं की कोणीतरी येऊन बघतो आणि पाटी देतो. तसं नसतं, नोंदणी डिझाइनच्या वेळी करायची असते, नाहीतर अर्धे गुण हातातून गेलेले असतात. आपल्याकडे तीन वाटा आहेत. टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं अक्षय ऊर्जा मंत्रालय यांनी काढलेलं गृह (GRIHA) नावाचं रेटिंग, त्यात २५०० चौरस मीटरच्या आतल्या लहान बांधकामासाठी स्वगृह आहे. दुसरं आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, त्यांचं परवडणाऱ्या घरांसाठी वेगळं रेटिंग आहे. तिसरं जागतिक बँक गटातल्या आयएफसीचं एज (EDGE), ज्यात नेहमीच्या घरापेक्षा वीज, पाणी आणि मालात दडलेला कार्बन (माल बनवताना होणारं उत्सर्जन) प्रत्येकी निदान २० टक्के कमी दाखवायला लागते. तिघांनाही मेल करून विचारा की सुट्या दहा घरांचा एकच प्रकल्प म्हणून धरता का, फी किती, तपासनीस येण्याचा खर्च कोणाचा. उत्तर लेखी आलं की मगच एक निवडा. आणि त्या दिवसापासून एक फाइल उघडा, प्रत्येक बिल, सिमेंटच्या पोत्याचा फोटो, खिडकीचं माप, पत्र्याचा किंवा कौलाचा प्रकार, सगळं त्यात. सहा महिन्यांनी बिलं शोधत बसलात तर मिळणार नाहीत.

नकाशा काढताना आर्किटेक्टला पहिलं वाक्य हेच सांगा की आमच्याकडे ऊन नाही, घाम त्रास देतो. दमट हवेत वारा खेळला पाहिजे. बीईई म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेची इको निवास संहिता २०१८ मोठ्या प्लॉटसाठी आहे, लहान घरांना सक्तीची नाही, पण तिच्यातला एक आकडा पाठच करून ठेवा. उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारं मिळून चटईक्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. १२० चौरस फुटांची खोली असेल तर २० चौरस फूट उघडता आलं पाहिजे. सरकत्या काचेच्या खिडकीत अर्धीच उघडते हे लक्षात ठेवा, म्हणून पल्ल्याची खिडकी घ्या. समोरासमोर दोन भिंतींना उघडी जागा, पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा सावली, आणि छताखाली गरम हवा निघायला जाळी. पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, तिथे भिंत उघडी ठेवलीत तर चिरा पाणी पितो आणि घरात ओल धरते, मग फॅन लावा, हीटर लावा काही उपयोग होत नाही.

मालाच्या बाबतीत जरा जास्त सांगतो कारण इथेच पैसा जातो. चिरा जवळच्या खाणीचा घ्या, वाहतूक कमी, ट्रकचं डिझेल कमी, आणि ते गुणांमध्येही धरलं जातं. पण खाणीवर स्वतः जाऊन बघा. चिऱ्यावर हातोडीने टिचकी मारली की खणखणीत आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा मातीचा गाळा आहे. भोकांत पिवळट-पांढरी मऊ माती नखाने निघत असेल तर तो चिरा बाहेरच्या भिंतीला नको, आतल्या आडभिंतीला चालेल. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, हवेत राहिला की कडक होतो, म्हणून लगेच बांधायला न घेता थोडे आठवडे खळ्यात रचून ठेवता येतो का बघा. वाळूचं तर फारच जपा. खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून स्लॅबला वापरतात आणि काही वर्षांत सळई गंजून छताचे पोपडे डोक्यावर पडतात, किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हे बघायला मिळतं. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवा, खारट लागली तर गाडी परत पाठवा. खारट लागली नाही तरी मीठ नाहीच असं नसतं, म्हणून काँक्रीटला क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरा आणि पैसे वाचवायला दुसरीकडे बघा. सिमेंट किनाऱ्याजवळ स्लॅगचं म्हणजे पीएससी चांगलं, मिठाला तोंड देतं, आणि त्यात क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) कमी म्हणून कार्बनचा भारही कमी. सळईखाली कव्हर ब्लॉक बसवलेत का ते ओतण्याआधी बघा, दगडाचे तुकडे टाकून भागवू देऊ नका.

जुन्या घराची मंगलोरी कौलं टाकू नका. चांगली निघतील ती छपराला जातील, तडकलेली फिलर स्लॅबमध्ये भरता येतात. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट नुसतं वजन असतं, ताण सळई घेते, म्हणून मध्ये कौलं बसवली की काँक्रीट कमी लागतं आणि वरून उष्णताही कमी उतरते. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात अशी घरं भरपूर बांधली, तिथली हवा आणि तिथला जांभा आपल्यासारखाच. पण गवंड्याने आधी केलेलं नसेल तर इंजिनिअर उभा राहिल्याशिवाय पहिली स्लॅब ओतू नका. जुने वासे, दारं, चौकटी पण वाळवी बघून वेगळ्या काढा, सुतार सांगेल कुठलं लाकूड अजून पन्नास वर्षं जाईल.

छपराला वेगळी तयारी लागते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडे पत्रे पानांसारखे उडाले, पुढच्या मेमध्ये तौक्ते. त्या वाऱ्याने एक गोष्ट सगळ्यांना दिसली, छप्पर वरून दाबलं जाऊन मोडत नाही, खालून उचललं जातं. म्हणून चौपाखी छप्पर दोनपाखीपेक्षा बरं, उतार साधारण ३० अंशांचा, पत्रा असेल तर नुसते खिळे चालणार नाहीत, हुक-बोल्ट आणि वॉशर, कडेला आणि आढ्यावर जास्त दाट. वासे भिंतीवर नुसते ठेवायचे नाहीत, वरच्या काँक्रीट पट्ट्यात गाडलेल्या पट्टीला बांधायचे. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं जोडा, म्हणजे वाऱ्याने पडवी उचलली तरी घरावरचं छप्पर राहील. कोयनेचा भूकंप १९६७ चा, चिपळूण-खेडकडच्या लोकांना त्याची आठवण करून द्यायला नको, म्हणून जोतं, लिंटेल आणि छप्पर अशा तिन्ही ठिकाणी पट्टा घ्या, त्यावर पैसे वाचवू नका. नदीकाठच्या वाडीत जोत्याची उंची ठरवताना २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण कुठल्या भिंतीवर आहे ती शोधून तिच्यावर जोतं काढा.

पाणी. तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, हे आपलं दुखणं. ५० चौरस मीटर छपरावर तेवढ्या पावसात दीड लाख लिटर पडतं, वाया जाणारं सोडलं तरी लाखभर लिटर हाताला येतं. सगळं साठवायला टाकी परवडणार नाही, म्हणून पन्हळीचं पाणी गाळून छोट्या टाकीत आणि बाकी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायला नळाला वेगळा फाटा ठेवा. शौचालय दोन खड्ड्यांचं, पण जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे विहिरीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, १५ मीटर तरी सोडाच, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर नकोच.

विजेचं सोपं आहे. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फॅन ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना ७५ घेतो, चार फॅनच्या घरात फरक लगेच दिसतो. सोलरला पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार सबसिडी आहे. एक किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर मोकळं छप्पर लागतं, म्हणून नारळाची सावली कुठे पडते ते आधी बघा, माड तोडायचा नाही, पॅनेलची जागा बदलायची. खाऱ्या हवेसाठी सॉल्ट मिस्ट टेस्ट झालेलं पॅनेल आणि गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर मागा, आणि स्ट्रक्चरचे बोल्ट छपराच्याच हिशोबाने कसून घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज कमी बनते, हे बिलाच्या हिशोबात धरा.

वेळेचं गणित असं, गणपतीत संमती, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, दिवाळीपर्यंत नकाशा आणि सर्टिफिकेटची नोंदणी, दिवाळीनंतर पाया, शिमग्याला लिंटेल, आणि आगोटीच्या आत, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी, छप्पर. ज्या घरांचं लिंटेल शिमग्यापर्यंत होणार नाही ती त्या वर्षी जोत्यावरच थांबवा, अर्धवट भिंती पावसात उभ्या ठेवू नका. राहायला गेल्यावर प्रत्येक घराने बारा महिने दर महिन्याचं मीटर रीडिंग आणि टाकीतलं पाणी वहीत लिहायचं, बचत गटाच्या बैठकीला ती वही आणायची, आणि शेजारच्या वाडीने विचारलं की तीच वही आधी त्यांच्या हातात द्यायची.